जोडीला दुसरा सर्व्हर होता, मग बंद कसं पडलं?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरचे सौदे थांबले. बीएसईवर खरेदी-विक्री चालू होती, पण देशातले बहुतेक सौदे ज्या बाजारात होतात तोच बंद. सकाळी शेअर घेऊन त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांची तारांबळ उडाली. कामकाज पुन्हा सुरू झालं ते दुपारी पावणेचारला, म्हणजे बाजार बंद व्हायची रोजची साडेतीनची वेळ टळून गेल्यावर. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला.

एनएसईकडे दुसरी यंत्रणा नव्हती का? एक सोडून दोन होत्या. मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, त्याची सतत प्रत घेणारं दुसरं केंद्र जवळच कुर्ल्यात आणि तिसरं थेट चेन्नईत. मुख्य आणि जवळच्या केंद्राला जोडणाऱ्या लिंकसुद्धा दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेल्या. एनएसईने नंतर केलेल्या खुलाशानुसार त्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या आणि त्याचं कारण रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम हे होतं. लिंक गेली तरी मुख्य केंद्राने काम चालू ठेवावं, अशीच रचना होती. पण डेटा जिथे साठवतात ती यंत्रणा, म्हणजे सॅन, अपेक्षेप्रमाणे वागली नाही. ती सर्व्हरना दिसेनाशी झाली, त्यापाठोपाठ क्लिअरिंगची, म्हणजे झालेले सौदे पूर्ण करून देण्याची, जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. जोखीम मोजता येत नसेल तर बाजार चालू ठेवता येत नाही.

हे उदाहरण पहिल्यांदा घेतलं, कारण सर्व्हर पडला की पहिली सूचना येते ती ‘अजून एक घ्या’ ही. इथे जे घ्यायचं ते सगळं घेतलेलं होतं. दुसरी यंत्रणा खरेदी करणं हा या कामातला सोपा भाग आहे. ती नेमक्या कोणत्या संकटासाठी आहे, तिच्यावर कधी जायचं, ते कोणी ठरवायचं आणि गेल्यावर ती खरोखर चालते का, हे आधी पक्कं करणं म्हणजे नियोजन. बहुतेक संस्थांचं घोडं तिथेच अडतं.

दोन वेगळी संकटं

हाय अव्हेलेबिलिटी आणि डिझास्टर रिकव्हरी हे दोन शब्द टेंडरमध्ये नेहमी जोडीने येतात आणि त्यामुळे ते एकच असल्यासारखे वाटतात.

हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे एखादा सुटा भाग गेला तरी काम न थांबणं. हार्डडिस्क गेली, पॉवर सप्लाय जळला, एक सर्व्हर हँग झाला, एक स्विच मेला. असे प्रकार अधूनमधून घडणारच. जोडीचा दुसरा भाग काही सेकंदांत काम उचलतो आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही. याला फेलओव्हर म्हणतात आणि तो बहुधा आपोआप होतो.

डिझास्टर रिकव्हरी, बोलीभाषेत डीआर, वेगळ्या दिवसासाठी असते. आग लागली, पूर आला, सगळं केंद्रच गेलं. किंवा केंद्र धडधाकट आहे, पण डेटाच पुसला गेला किंवा कुणी कुलूपबंद करून खंडणी मागितली. इथे काम थांबलेलं आहे हे मान्य करूनच सुरुवात होते. किती वेळात उभं राहायचं आणि किती नुकसान सोसायचं, एवढंच हातात असतं.

एकासाठी केलेली तयारी दुसऱ्याला पुरत नाही. हे ज्या प्रसंगाने मला सर्वात चांगलं पटलं तो गिटलॅबचा आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणारी सेवा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या डेटाबेसवर ताण आला होता आणि मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला होता. प्रत नव्याने घ्यायची म्हणून एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर पुसायला घेतलं. आज्ञा गेली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी डेटा उरला होता.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप क्लाउडवर जायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली. कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे तो रोज सुरू व्हायचा आणि रोज फेल व्हायचा. फेल झाल्याची ईमेलही जात होती, पण तिच्यावर आवश्यक ती सही नसल्याने समोरचा मेलसर्व्हर ती नाकारत होता. क्लाउड कंपनीची डिस्क स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत काढून ठेवण्याची, सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. शेवटी कामी आला तो एक स्नॅपशॉट, जो त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच चाचणीसाठी हाताने काढला होता. तोही संथ डिस्कवर असल्यामुळे परत आणायला १८ तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांत झालेल्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यात सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती होती. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे, बारीकसारीक तपशिलासह लिहून ठेवलं. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट अशी: दुसरा सर्व्हर धडधाकट आणि अगदी वेळेवर असता आणि चूक फोल्डर पुसण्याची नसून एखादं टेबल रिकामं करण्याची असती, तरी तो वाचवू शकला नसता. रेप्लिकेशनचं काम मुख्य सर्व्हरवर जे घडेल ते इमानेइतबारे दुसरीकडे करणं. चुकीची नोंदही ते तितक्याच तत्परतेने पोचवतं. रेप्लिकेशन आताची स्थिती दोन जागी ठेवतं, बॅकअप कालची स्थिती जपून ठेवतो. ‘आपल्याकडे रेप्लिका आहे, बॅकअपची काय गरज’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवावं.

किती वेळ, किती डेटा

नियोजनाची सुरुवात यंत्रांपासून करू नये. सुरुवात दोन प्रश्नांपासून करावी आणि ते तंत्रज्ञांना नाही, संस्था चालवणाऱ्यांना विचारावेत. काम बंद पडल्यापासून किती वेळात परत सुरू व्हायला हवं? याला आरटीओ म्हणतात. आणि किती वेळाच्या नोंदी गमावलेल्या चालतील? हा आरपीओ. आरपीओ १५ मिनिटांचा असेल तर शेवटच्या १५ मिनिटांतल्या नोंदी गेल्या तरी आपण सावरू शकतो, असा त्याचा अर्थ.

‘एक मिनिटही बंद चालणार नाही आणि एकही नोंद जाता कामा नये’ हे उत्तर प्रत्येक संचालक मंडळाकडून येतं. मग त्याचा खर्च समोर ठेवला की खरं उत्तर येतं. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणची सहकारी बँक घ्या. खातेदारांच्या जमा-नावेच्या नोंदी जिथे होतात ती कोअर बँकिंग यंत्रणा तासाभरात उभी राहायलाच हवी आणि तिथली एकही नोंद जाऊन चालत नाही, कारण पैसे दिले गेले आणि नोंद नाही, हे कुणालाच परवडत नाही. पासबुक छापणं अर्धा दिवस थांबलं तर लोक कुरकुर करतील, पण निभेल. कर्मचाऱ्यांच्या रजेचं सॉफ्टवेअर आठवडाभर नसलं तरी बँक बुडत नाही. तिन्हींना एकाच तराजूत तोलून सगळ्यावर सारखा खर्च केला तर पहिलीला कमी पडतो आणि तिसरीवर वाया जातो.

शेअरबाजारांसाठी हे आकडे त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने ठरवून दिलेत. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ते ‘संकट’ म्हणून जाहीर करायचं आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचं, गरज पडल्यास डीआर केंद्रावरून. आरपीओ १५ मिनिटांचा. एनएसई बंद पडण्याच्या त्या प्रकारानंतर महिन्याभरातच, मार्च २०२१ मध्ये, हे नियम अधिक कडक झाले. यातल्या पहिल्या ३० मिनिटांकडे मी पुढे परत येणार आहे.

जवळ आणि लांब

एनएसईने दुसरं केंद्र कुर्ल्यात आणि तिसरं चेन्नईत का ठेवलं? याचं उत्तर प्रकाशाच्या वेगात आहे.

एकही नोंद जाऊ द्यायची नसेल तर मुख्य केंद्राने नोंद केल्यावर ती दुसऱ्या केंद्रात पोचल्याची पोच येईपर्यंत थांबायचं आणि मगच ग्राहकाला ‘झालं’ म्हणायचं. याला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन परत यायला किमान दहा मिलिसेकंद. केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. एकट्या नोंदीला दहा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पण प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या पोचपावतीसाठी थांबू लागली की रांग लागते आणि सगळी यंत्रणा मंदावते. पैसे टाकून हा वेळ कमी होत नाही. म्हणून लांबच्या केंद्राला प्रत मागाहून जाते, काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या अंतराने. मुख्य केंद्र अचानक गेलं तर ती मधली मिनिटं गेली.

जवळच्या केंद्राला मात्र पोच घेत घेत प्रत पाठवता येते, त्यामुळे तिथे शेवटची नोंदही सापडते. पण जवळ असणं हीच त्याची कमजोरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदीच्या काठच्या कुर्ल्यात त्या दिवशी काय झालं, हे मुंबईकराला सांगायला नको. बीकेसी, म्हणजे मुख्य केंद्राचं वांद्रे-कुर्ला संकुलसुद्धा त्याच मिठीच्या काठावर आहे. एका जागी पाणी शिरलं तर दुसरीकडे शिरणार नाही याची खात्री कोण देईल? म्हणून डेटा वाचवायला जवळचं केंद्र आणि शहरच कोलमडलं तर काम चालवायला लांबचं. मुख्य आणि डीआर केंद्र भूकंपाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत असावं, ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटर अंतर ठेवावं, अशी सेबीची अपेक्षा आहे.

प्रत्येकाला तीन केंद्रं परवडत नाहीत, हे खरं. पण परवडत नाही म्हणून एकाच इमारतीत सगळं ठेवण्याचा परिणाम दक्षिण कोरियाने नुकताच भोगला. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्यातली जी-ड्राइव्ह ही सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायची यंत्रणा पूर्ण जळाली, ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याचा बाहेर कुठेच बॅकअप नव्हता आणि कारण देण्यात आलं की डेटा फार मोठा होता. तंत्रज्ञानात जगात आघाडीवर असलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

टक्केवारीचा फसवा हिशोब

कंपन्या ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असं छापतात. ऐकायला ते शंभराच्या अगदी जवळ वाटतं. वर्षाचा हिशोब केला तर ते पावणेनऊ तास बंद राहणं आहे. ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं आणि ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. शिवाय हा आकडा एका भागाचा असतो. ॲप्लिकेशन, डेटाबेस, नेटवर्क, लॉगिन, पेमेंट असे पाच भाग एकामागोमाग लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के असेल, तर एकूण उपलब्धता ९९.५ पर्यंत उतरते. वर्षाला जवळपास ४४ तास.

उलट दिशेने चांगली बातमीही आहे. ९९ टक्क्यांचा एक साधा सर्व्हर वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद राहील, पण तसेच दोन जोडीने लावले तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. कागदावर एकदम ९९.९९. या गणितात एक अट दडलेली आहे: एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काही संबंध नसला पाहिजे. आणि ही अटच पाळली जात नाही. दोन टेलिकॉम कंपन्यांच्या केबल एकाच रस्त्याखालून जातात. दोन सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला लावलेले असतात. दोन्ही सर्व्हरवर एकच अपडेट एकाच रात्री जातं.

न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात एका इमारतीतलं डेटा सेंटर असंच अडचणीत आलं. जनरेटर वर सतराव्या मजल्यावर, पुरापासून सुरक्षित. पण त्याला डिझेल पोचवणारा पंप तळघरात, तो बुडाला. तिथल्या लोकांनी आणि त्यांच्या ग्राहक कंपन्यांतल्या माणसांनी बादल्यांतून डिझेल जिन्याने सतरा मजले चढवलं आणि सर्व्हर चालू ठेवले. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. पण नियोजन करणाऱ्याने आपल्या इमारतीत डिझेलची टाकी, पंप आणि जनरेटर स्वतः चालत जाऊन बघावेत. नकाशावर ते दिसत नाही.

क्लाउडमुळे यातलं बरंच सोपं झालं आहे, हे मान्य. मुंबई आणि हैदराबाद अशा दोन ठिकाणी एखाद्या छोट्या संस्थेलाही आज काही तासांत यंत्रणा उभी करता येते. पण दोन शहरं एकाच खात्याखाली असली तर ते खातंच दोघांचा समान दुवा ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची यंत्रणा गूगल क्लाउडवर दोन भौगोलिक ठिकाणी होती. मे २०२४ मध्ये मांडणीतल्या एका चुकीमुळे सगळं खासगी क्लाउडच पुसलं गेलं, दोन्ही ठिकाणचं. सहा लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभर आपलं खातं बघता आलं नाही. पैसे आणि नोंदी सुरक्षित राहिल्या, कारण त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता.

दोघांनीही स्वतःला मुख्य समजलं तर

दोन सर्व्हर एकमेकांवर नजर ठेवून आहेत आणि मधली लिंक तुटली. दुसऱ्याला पहिला दिसेना. पहिला खरंच मेला की फक्त दिसत नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याने ‘आता मी मुख्य’ म्हणून काम सुरू केलं आणि पहिलाही जिवंत असला, तर दोघे एकाच वेळी वेगवेगळ्या नोंदी घ्यायला लागतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वात वाईट प्रकार, कारण बंद पडलेली यंत्रणा चालू करता येते, पण दोन वेगळ्या वाटांनी गेलेला डेटा जुळवायला माणसं बसवावी लागतात.

यावर उपाय दोन. एक म्हणजे मतदार विषम संख्येत ठेवायचे, निदान तीन. बहुमत ज्याच्याकडे तो चालू राहील, एकटा पडलेला स्वतःहून थांबेल. तिसरा मतदार अगदी छोटं यंत्र असलं तरी चालतं, पण तो तिसऱ्या जागी हवा. दोन केंद्रांपैकी एकात ठेवला तर ते केंद्र गेल्यावर बहुमतही गेलं. दुसरा उपाय म्हणजे जुन्या मुख्य सर्व्हरची वीज किंवा डिस्कशी असलेला संबंध सक्तीने तोडायचा आणि मगच नव्याने काम घ्यायचं. फेन्सिंग म्हणतात त्याला. ते क्लिष्ट वाटतं म्हणून अनेकजण बंद करून ठेवतात, ते अजिबात करू नये.

आपोआप होणारा फेलओव्हरही किती दूरवर होऊ द्यायचा, याचा विचार हवा. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या गिटलॅबसारख्याच सेवेच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क अवघी ४३ सेकंदं तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचा डेटाबेस मुख्य म्हणून नेमला. पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी होत्या, त्या पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या, त्या पूर्वेला नव्हत्या. सेवा लवकर चालू करण्यापेक्षा डेटा शाबूत ठेवायचा असं त्यांनी ठरवलं आणि सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. निर्णय योग्यच होता. पण ४३ सेकंदं नुसतं थांबलं असतं तरी चाललं असतं. म्हणून एकाच केंद्रातला फेलओव्हर आपोआप होऊ द्यावा, शहर बदलणारा फेलओव्हर माणसाने ठरवावा.

मग माणसाने कधी ठरवायचं?

सेबीची ती ३० मिनिटं इथे महत्त्वाची. संकटाच्या वेळी बहुतेक वेळ यंत्रं खात नाहीत, निर्णय खातो. सकाळी दहाला यंत्रणा बंद पडते. व्हेंडर म्हणतो पंधरा मिनिटांत होतंय. साडेदहाला तो परत तेच म्हणतो. डीआरवर गेलो आणि तिथेही काही अडलं तर नाव आपलं खराब होणार, या भीतीने कुणीच पुढे होत नाही. बघता बघता दुपार होते. घड्याळाशी बांधलेला नियम या कोंडीतून सोडवतो. अमुक मिनिटांत मूळ यंत्रणा उभी राहिली नाही तर डीआरवर जायचं. ते जाहीर करण्याचा अधिकार अमुक पदावरच्या माणसाला, तो फोनवर सापडला नाही तर अमुकला. आणि निर्णय घेणाऱ्याला नंतर कुणी जाब विचारणार नाही, हे संचालक मंडळाने आधी लेखी द्यावं. हे एक पान मी लाखो रुपयांच्या उपकरणापेक्षा मोलाचं मानतो.

करायची कामं क्रमाने लिहून ठेवतात त्याला रनबुक म्हणतात. ती ज्या सर्व्हरवर ठेवली तोच बंद पडला तर काय, हा विचार करून छापील प्रत दोन-तीन ठिकाणी ठेवावी. पासवर्डचं तसंच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद होतं, तेव्हा त्यांची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर असल्याने दुरुस्ती करणाऱ्यांनाच आत पोचणं कठीण झालं होतं.

खंडणीखोरांचं संकट

आग, पूर, वीज हे सगळे डेटावर डोळा ठेवून येत नाहीत. रॅन्समवेअर आणि त्याची भावंडं येतात ती आधी बॅकअप शोधतच. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार जगभर ठप्प केला. आपल्याकडे न्हावा-शेवाला त्याच समूहाच्या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं, कंटेनर अडकले. मर्स्कच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला काय अधिकार, हे सांगणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि सतत एकमेकांची प्रत घेत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशोब. सगळे एकदम जातील हे धरलंच नव्हतं आणि ते सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता.

घानातली वीज जाणं हा योगायोग होता. तेच मुद्दाम घडवून आणायचं म्हणजे ऑफलाइन बॅकअप. रूढ नियम ३-२-१ असा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आता त्यात एक भर हवी. एक प्रत अशी, जी नेटवर्कवरून मुख्य ॲडमिनलासुद्धा पुसता येणार नाही. टेप काढून कपाटात ठेवा किंवा ठरावीक मुदतीपर्यंत बदलता न येणारी क्लाउडची सोय वापरा, पद्धत कोणतीही चालेल. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे कामकाज कागदावर चालवावं लागलं. पण रुग्णांचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता.

तालीम

२ मार्च २०२४ ला शनिवार होता, तरीही शेअरबाजार उघडे होते. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून आणि साडेअकरा ते साडेबारा डीआर केंद्रावरून खरे सौदे झाले, खऱ्या पैशांचे. मला हा प्रकार फार आवडतो. डीआर चालते का, याचा पुरावा एकच: तिच्यावर खरं काम करून बघणं. कागदावरची पाहणी वर्षानुवर्षं ‘समाधानकारक’ निघू शकते.

खऱ्या तालमीत जे अडतं ते बहुधा क्षुल्लक असतं. डीआरवरचं लायसन्स संपलेलं. फायरवॉलमध्ये नवा नियम मुख्य केंद्रात घातला, डीआरमध्ये राहून गेला. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे फक्त मुंबईचाच आयपी नोंदवलेला, त्यामुळे ओटीपी जात नाही. सर्टिफिकेट जुनं. यातला एकेक दोष शांतपणे दहा मिनिटांत सुटतो, पण सगळे एकाच वेळी, लोक ओरडत असताना समोर आले तर दिवस जातो. आणि परतीचा प्रवास विसरू नये. डीआरवर दोन दिवस काम केलं की खरा डेटा आता तिकडे आहे. तो मुख्य केंद्रात आणून परत येणं हे जाण्यापेक्षा अवघड काम असतं, तरी तालमीत ते नेहमी वगळलं जातं.

मोठ्या बाजारांच्या गोष्टी वाचून एखाद्या पतसंस्थेच्या किंवा शंभर खाटांच्या हॉस्पिटलच्या संगणक विभागात बसलेल्या माणसाला वाटेल की हे आपल्या आवाक्यातलं नाही. पण सुरुवात फुकटात होते. एका कागदावर सगळ्या यंत्रणा लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर किती तास चालवून घेता येईल हे त्या त्या विभागप्रमुखाला विचारून भरायचं. प्रत्येक यंत्रणेचा बॅकअप नेमका कुठे जातो, हे फाइल उघडून, तारीख आणि साइज बघून तपासायचं. बॅकअप फेल झाल्याचा निरोप कुणाला जातो आणि तो माणूस अजून नोकरीत आहे का, हेही. मग एखादा जुना संगणक घ्यायचा, नेटवर्कपासून वेगळा ठेवायचा आणि त्यावर बॅकअपमधून मुख्य डेटाबेस रिस्टोर करायचा, सुरुवात केल्याची आणि संपल्याची वेळ लिहून. हा वेळ म्हणजे तुमचा आजचा खरा आरटीओ, करारात काहीही लिहिलेलं असो. त्यानंतर त्या रिस्टोर केलेल्या प्रतीतून मागच्या महिनाअखेरीचा ताळेबंद काढायचा आणि लेखापालांना सही केलेल्या प्रतीशी जुळवून बघायला सांगायचं. जुळला तर तारीख घालून नोंद करायची आणि तीन महिन्यांनी परत. नाही जुळला तर नवा सर्व्हर घेण्याची फाइल बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करायचं.